खुर्द्यातील स्मारके : चलनातून जमविलेल्या स्मारक-नाण्यांचा पुरावा म्हणून विचार

नाणे हे एकाच वेळी मूल्य आणि लेख असते. त्याच्या मूल्याकडे सर्वांचे लक्ष असते. लेखाकडे फार थोड्यांचे. मराठीत मात्र ह्या वस्तूने भाषेवर आपला ठसा खोलवर उमटविला आहे. कसोटीला उतरलेल्या माणसाला आपण ‘नाणावलेला’ म्हणतो, चोख बोलण्याला ‘खणखणीत’ म्हणतो, आणि एखादी गोष्ट पूर्णपणे खरी असेल तर ती ‘सोळा आणे’ खरी असते. आणे व्यवहारातून जाऊन सहा दशकांहून अधिक काळ लोटला, तरी हा वाक्प्रचार टिकून आहे. खुद्द ‘नाणे’ हा शब्द संस्कृत ‘नाणक’ ह्या शब्दाशी निगडित असून तो मृच्छकटिकातही आढळतो. कुशाण राजांच्या नाण्यांवरील ‘नना’ ह्या देवतेच्या नावाशी त्याचा संबंध काही अभ्यासकांनी जोडला आहे. ती व्युत्पत्ती स्वीकारली, तर एका नाण्यावरील लेखच पुढे सर्व नाण्यांचे नाव झाला असे म्हणावे लागेल.

प्रस्तुत लेखाचा विषय ह्या विस्तृत क्षेत्राचा एक लहानसा कोपरा आहे. भारत सरकारने १९६४ पासून वेळोवेळी काढलेली आणि सर्वसामान्य चलनात सोडलेली स्मारक-नाणी, आणि ती रोजच्या खुर्द्यातून वेचून केलेले संग्रह, एवढाच तो आहे. हौशी लोकांचा हा उद्योग संशोधनाच्या दृष्टीने क्षुल्लक मानण्याची प्रथा आहे. ती कितपत योग्य आहे, हे पाहावयाचे आहे.

१. पूर्वपीठिका

घटनेचे स्मारक म्हणून नाणे पाडण्याची कल्पना भारताला नवी नाही. समुद्रगुप्ताच्या सुवर्णनाण्यांतील अश्वमेध-प्रकार सुपरिचित आहे. परंतु ती नाणी सामान्य माणसाच्या कनवटीला पोचणारी नव्हती. प्रस्तुत विषयाला अधिक जवळचा दाखला महाराष्ट्रातच मिळतो. नाशिकजवळील जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षहरात राजा नहपान ह्याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. शत्रूची नाणी वितळवून नवी पाडण्याऐवजी ती तशीच घेऊन त्यांवर आपले चिन्ह व नाव उमटविणे, ह्यात काटकसर असेलच. पण त्याबरोबर एक घोषणाही होती. हातोहात फिरणाऱ्या पैशानेच राज्य पालटल्याची वार्ता घरोघर पोचविली. जिंकलेल्याच्या नावाखाली हरलेल्याचा चेहरा अंधुक दिसत राहिला, हे त्या वार्तेचे विशेष बळ होय.

शिवराईचा दाखलाही येथे लक्षात घेण्यासारखा आहे. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरे धारण करणारा हा तांब्याचा पैसा स्मारक म्हणून पाडला गेला नव्हता. तो रोजच्या व्यवहाराचा पैसा होता. तथापि फार्सी लेखांची नाणी सर्वत्र रूढ असताना त्यावरील देवनागरी अक्षरे हेच एक राजकीय विधान होते. शिवाजी महाराजांच्या पश्चातही शिवराई दीर्घकाळ पाडली व वापरली गेली, आणि त्यामुळे ती आपोआप स्मारक बनली. चलनी नाणे आणि स्मारक-नाणे ह्यांतील सीमा वाटते तितकी काटेकोर नसते, हे ह्या दोन उदाहरणांवरून ध्यानात येईल.

२. नव्या पैशापासून नेहरूंच्या नाण्यापर्यंत

प्रजासत्ताकाची पहिली नाणी १५ ऑगस्ट १९५० रोजी चलनात आली. राजाच्या मुखवट्याची जागा अशोकस्तंभाच्या सिंहशीर्षाने घेतली. रुपया, आणा, पैसा ही विभागणी मात्र तशीच राहिली. १ एप्रिल १९५७ पासून दशमान पद्धती अमलात आली आणि रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ झाले. जुन्या व नव्या पैशाचा घोटाळा होऊ नये म्हणून जोडलेले ‘नया’ हे विशेषण १ जून १९६४ पासून वगळण्यात आले. लोकांच्या जिभेने ह्या सुधारणेला आपल्या परीने वळण लावले. पंचवीस पैशांना ‘चार आणे’ आणि पन्नास पैशांना ‘आठ आणे’ म्हणण्याची रीत पुढे कित्येक दशके चालू राहिली. नाण्यावरील लेख एक आणि त्याचे बोलीतील नाव दुसरे, ही विसंगती भाषाभ्यासकाने विसरता कामा नये. बाजारात नाणे वाचले जात नव्हते, ते ओळखले जात होते.

‘नया’ शब्द गेला त्याच्या पाचच दिवस आधी, २७ मे १९६४ रोजी, पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ त्याच वर्षी पन्नास पैशांचे व एक रुपयाचे अशी निकेलची दोन नाणी काढण्यात आली. स्वतंत्र भारताची ही पहिली स्मारक-नाणी होत. त्यांतील पन्नास पैशांचे नाणे अभ्यासकाला विशेष मोलाचे आहे. कारण त्याचे दोन प्रकार आढळतात. एकावर नेहरूंचे नाव इंग्रजीत आहे, तर दुसऱ्यावर हिंदीत. त्या काळाची पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी. २६ जानेवारी १९६५ नंतरही इंग्रजीचा वापर चालू ठेवता यावा अशी तरतूद १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने केली होती, आणि १९६५ च्या प्रारंभी मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन भडकले. नाण्याच्या दोन प्रकारांचे कारण ह्या वादात शोधण्याचे धाडस पुराव्याविना करू नये. परंतु एवढे निश्चित म्हणता येईल की, ज्या द्विभाषिक तडजोडीवर संसदेत वाद चालला होता, तिच्या दोन्ही बाजू एकाच किंमतीच्या दोन नाण्यांच्या रूपाने नागरिकांच्या खिशात एकत्र नांदत होत्या. अंक मात्र दोन्हींवर एकाच धाटणीचे, म्हणजे संविधानाच्या ३४३ व्या अनुच्छेदात सांगितलेले आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे आहेत. अक्षरे देवनागरी आणि अंक आंतरराष्ट्रीय, ही जोडी भारतीय नाण्यावर आजही कायम आहे.

१९६९ मध्ये महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त वीस पैसे, पन्नास पैसे, एक रुपया आणि चांदीचे दहा रुपये अशी नाणी निघाली. त्यांवर १८६९-१९४८ ही जीवनवर्षे आहेत. नाणे पाडल्याचे वर्ष निराळे दिलेले नाही. नाण्यावरील वर्ष आणि नाणे पाडल्याचे वर्ष एकच असते, ह्या आपल्या गृहीतकाला स्मारक-नाणी अनेकदा असा धक्का देतात. पुढील काळातील एक उदाहरणही ह्याच जातीचे आहे. दहा रुपयांच्या द्विधातू नाण्यांतील आरंभीच्या नाण्यांवर २००५ हे वर्ष आहे, पण ती लोकांच्या हाती आली २००९ मध्ये.

३. घोषवाक्यांचे पर्व

१९७० ते १९८२ हा काळ भारतीय स्मारक-नाण्यांच्या इतिहासात स्वतंत्र पर्व म्हणून ओळखावा लागेल. ह्या काळात व्यक्तींची जागा घोषवाक्यांनी घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या कार्यक्रमाशी निगडित अशी ही मालिका १९७० च्या वीस पैशांच्या नाण्यापासून सुरू झाली. ‘सर्वांना अन्न’ हा तिचा आशय होता. १९७३ मध्ये पन्नास पैशांवर ‘अधिक अन्न उगाओ’ आले. १९७४ मध्ये दहा पैशांवर नियोजित कुटुंबाचा संदेश आला. १९७५ च्या महिला वर्षात ‘समानता, विकास, शांती’ ही त्रिपदी आली. पुढे १९७६ मध्ये अन्न आणि काम, १९७७ मध्ये विकासासाठी बचत, १९७८ मध्ये अन्न आणि निवारा, १९७९ मध्ये बालक वर्ष, १९८० मध्ये ग्रामीण स्त्रियांची उन्नती, आणि १९८१ मध्ये जागतिक अन्न दिन असे विषय क्रमाने आले.

ह्या मालिकेतील नाण्यांची किंमत पाहिली की तिचा उद्देश उघड होतो. दहा, वीस वा पन्नास रुपयांची रुपेरी नाणी संग्राहकांसाठी होती. पण संदेशाचा खरा भार पाच, दहा, वीस व पंचवीस पैशांच्या खुर्द्याने वाहिला. ज्या नाण्याने भाजीची जुडी विकत घ्यावयाची, त्याच नाण्यावर अन्नाविषयीचा उपदेश कोरलेला होता. प्रचाराचे इतके स्वस्त आणि इतके सर्वदूर जाणारे साधन शासनाजवळ दुसरे क्वचितच असेल.

तथापि ह्या लेखांच्या भाषेचा विचार करता काही प्रश्न उभे राहतात. बहुतेक घोषवाक्ये क्रियापदविरहित नामपदांची मालिका आहेत. ती आंतरराष्ट्रीय परिषदांच्या परिभाषेतून आलेली असल्यामुळे हिंदी पाठ हा इंग्रजीची छाया वाटतो. ह्याला ठळक अपवाद ‘अधिक अन्न उगाओ’ हा आहे. त्यात आज्ञार्थी क्रियापद आहे, आणि त्यामागे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून देशात चाललेल्या मोहिमेची परंपरा आहे. मराठी वाचकाला ‘अधिक धान्य पिकवा’ ही हाक आधीच परिचित होती. त्यामुळे नाण्यावरील हिंदी वाक्य त्याला परके वाटण्याचे कारण नव्हते. जी घोषणा बोलीत आधी रुजली होती तीच नाण्यावर जिवंत वाटते, आणि जी कागदावरून थेट धातूवर उतरली ती निर्जीव राहते, असा निष्कर्ष ह्या तुलनेतून काढता येईल.

४. व्यक्ती, संस्था आणि महाराष्ट्र

१९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांपासून मालिकेचे स्वरूप पालटू लागले. त्या वर्षी दोन रुपयांचे नाणे प्रथमच निघाले. १९८५ मध्ये इंदिरा गांधींच्या स्मरणार्थ पन्नास पैसे व पाच रुपये ह्या किंमतींची नाणी आली. पाच रुपयांचे नेहमीचे नाणे त्यानंतर, १९९२ पासून, निघू लागले; म्हणजे पाच रुपयांचे नाणे लोकांनी प्रथम पाहिले ते स्मारक म्हणून, आणि चलन म्हणून ते पुढे रूढ झाले.

ह्यानंतरच्या तीन दशकांत महाराष्ट्राशी निगडित व्यक्ती व घटना वरचेवर दिसू लागतात. १९९० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या जन्मशताब्दीचे एक रुपयाचे नाणे निघाले, आणि २०१५ मध्ये १२५ व्या जयंतीनिमित्त दहा रुपयांचे. १९९९ मध्ये संत ज्ञानेश्वरांचे एक रुपयाचे आणि छत्रपती शिवाजी महाराजांचे दोन रुपयांचे, २००२ मध्ये संत तुकारामांचे, आणि २००७ मध्ये लोकमान्य टिळकांच्या १५० व्या जयंतीचे पाच रुपयांचे नाणे आले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली प्रवासी आगगाडी धावली. तिच्या दीडशेव्या वर्षाचे दोन रुपयांचे नाणे २००३ मध्ये निघाले.

ज्ञानेश्वरांच्या नाण्याचा येथे स्वतंत्र उल्लेख करावयास हवा. त्यावरील ‘ज्ञ’ हे एकच जोडाक्षर मराठी वाचक ‘द्न्य’ असे उच्चारतो, हिंदी वाचक ‘ग्य’ असे, आणि गुजराती भाषक ‘ग्न’ असे. नाण्यावरील देवनागरी लेख कायद्याने हिंदी आहे. पण आळंदीच्या बाजारात तोच लेख सहजपणे मराठी होतो. देवनागरीच्या ह्या दुहेरी नागरिकत्वामुळे मराठी भाषकाला भारतीय नाण्यावर आपली भाषा नसतानाही असल्याचा भास होतो. तमिळ वा बंगाली भाषकाला ही सोय नाही. १९९५ मध्ये तंजावर येथे भरलेल्या आठव्या जागतिक तमिळ परिषदेच्या नाण्यांवर तिरुवल्लुवर आले. तेव्हा एका भाषेच्या गौरवासाठी दुसऱ्या भाषांचा आधार घेण्याचा प्रसंग उद्भवलाच. नाण्यांवरील भाषानीतीचा अभ्यास अशा प्रसंगांपासूनच सुरू व्हावयास हवा.

५. खिशातील संग्रहाचे पुराव्याचे मूल्य

स्मारक-नाण्यांचे संग्रह दोन मार्गांनी होतात. एक मार्ग टांकसाळीने विक्रीसाठी काढलेले संच विकत घेण्याचा. दुसरा, रोज हाती येणारी मोड निरखून तीतून वेचण्याचा. पहिल्या मार्गाने पूर्णता साधते. दुसऱ्याने ती कधीच साधत नाही. किंबहुना ह्या अपूर्णतेतच त्याचे मोल आहे. संचातील नाणे काय पाडले गेले एवढेच सांगते. मोडीतील नाणे काय फिरले, कोठवर फिरले आणि किती झिजले हे सांगते. केवळ संचांसाठी निघालेली व बाजारात कधीच न आलेली नाणी थोडी नाहीत. सूचीत मात्र ती चलनी नाण्यांच्या पंक्तीला बसतात. सूचीवर विसंबून ‘शासनाने जनतेला काय सांगितले’ ह्याचा इतिहास लिहिणाऱ्याची येथे फसगत होते. जे जनतेच्या हाती पडलेच नाही ते जनतेला सांगितले गेले असे म्हणता येत नाही.

अशा संग्रहात सालाखालची खूण पहिल्याने पाहावी. बहुतेक नाण्यांवर समभुज चौकटीची खूण मुंबई टांकसाळीची, तारा हैदराबादचा आणि ठिपका नोएडाचा असतो. कोलकात्याच्या नाण्यावर खूण नसते. मुंबईची टांकसाळ एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात उभी राहिली, तर नोएडाची १९८८ मध्ये सुरू झाली. एखाद्या गावी वेचलेल्या नाण्यांत कोणत्या खुणेचे प्रमाण किती, ह्यावरून पैशाच्या वाहतुकीचा अंदाज बांधता येतो. त्यानंतर झीज पाहावी. उठावातील गाल, कपाळ व अक्षरांच्या कडा प्रथम झिजतात. एकाच सालच्या दोन नाण्यांतील झिजेचा फरक म्हणजे त्यांनी केलेल्या व्यवहारांतील फरक होय. संचातील झळझळीत नाण्याला हा इतिहास नसतो.

परंतु ह्या पुराव्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. वेचणारा जे वेगळे दिसते ते उचलतो. नेहमीचे नाणे परत करतो. त्यामुळे त्याच्या डब्यातील प्रमाण हे बाजारातील प्रमाण नव्हे. हा दोष टाळण्याचा एकच उपाय संभवतो. नाणे कोठे, केव्हा आणि किती नाण्यांतून मिळाले ह्याची नोंद त्याच वेळी करावी. उत्खननात स्तराची नोंद न ठेवता काढलेली वस्तू जशी अर्धी मुकी होते, तशीच नोंदीविना जमविलेली नाणी होतात.

६. विश्वासाचा प्रश्न

स्मारक-नाण्यांच्या संख्येबरोबर एक अडचण वाढत गेली, आणि तिचे स्वरूप केवळ विद्वत्तेचे नाही. बाजारात नाणे आकार, वजन, कड आणि रंग ह्यांवरून ओळखले जाते. एकाच किंमतीच्या नाण्यावर वरचेवर चित्र बदलले की ही ओळख डळमळते. दहा रुपयांच्या नाण्याच्या बाबतीत हेच घडले. त्याची अनेक चित्ररूपे चलनात होती. त्यातच १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलेले रुपयाचे चिन्ह काही नाण्यांवर होते, तर आधीच्या नाण्यांवर नव्हते. देवनागरी ‘र’ आणि रोमन अक्षर ह्यांच्या संयोगातून सिद्ध झालेले हे चिन्ह असले तर नाणे खरे आणि नसले तर खोटे, अशा वावड्या उठल्या. अनेक ठिकाणी दुकानदार, रिक्षाचालक आणि प्रवासी ही नाणी घेईनासे झाले. रिझर्व्ह बँकेला २०१६ मध्ये आणि पुन्हा १७ जानेवारी २०१८ रोजी जाहीर करावे लागले की, चौदाही चित्ररूपांची दहा रुपयांची नाणी वैध आहेत.

ह्या प्रकरणाची झळ कोणाला लागली हे उघड आहे. ज्याची दिवसाची कमाईच नाण्यांत होते अशा विक्रेत्याच्या हाती न चालणारी रक्कम साचत गेली. कायदा त्याच्या बाजूने होता. २०११ च्या नाणे अधिनियमानुसार एक रुपया व त्यावरील किंमतीची नाणी एक हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध आहेत. परंतु बाजारातील विश्वास अधिनियमाच्या कलमांनी निर्माण होत नाही. नाण्यावर जितके अधिक सांगावे तितके ते कमी विश्वसनीय व्हावे, असा हा विपर्यास आहे. लोकांना इतिहास सांगण्यासाठी कोरलेली आकृतीच लोकांना बनावटीची खूण वाटली. शिवराईचा लेख मोठ्या कालखंडात एका ठरीव वळणाने राहिला आणि म्हणून तो निरक्षरालाही ‘वाचता’ येत होता. ह्याच्याशी वरील घटनेची तुलना करावी.

इतर देशांनी ह्या प्रश्नावर निराळी वाट काढली. अमेरिकेत १९९९ ते २००८ ह्या दहा वर्षांत दरवर्षी पाच ह्या क्रमाने पन्नास राज्यांची पाव डॉलरची नाणी निघाली. क्रम आगाऊ जाहीर होता, आणि पुढची बाजू स्थिर ठेवून पाठीमागचेच चित्र बदलत होते. त्यामुळे वैविध्य हेच अपेक्षित ठरले, आणि लहान मुलांनीही मोडीतून संच पुरे केले. भारतात मात्र कोणते नाणे केव्हा बाजारात येणार ह्याची सामान्य माणसाला पूर्वकल्पना क्वचितच असे.

७. उपसंहार

२५ पैसे व त्याखालील सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून रद्द झाली. घोषवाक्यांच्या पर्वातील बहुतेक नाणी ह्याच किंमतींची असल्यामुळे ते पर्व त्या एका दिवशी खिशातून नाहीसे झाले. आता ते संग्राहकांच्या डब्यांत तेवढे उरले आहे. २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचे बोधचिन्ह असलेली एक ते वीस रुपयांची नाणी निघाली. पण तोवर भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची रीत भाजीबाजारापर्यंत पोचली होती. मोडच हातात येईनाशी झाली तर तीतून वेचण्याची क्रियाही थांबणार.

म्हणून ज्या घरांत असे डबे आहेत त्यांच्या नोंदी होणे निकडीचे आहे. मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालय आणि नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्था ह्यांच्याकडे नाण्यांचे व सूचींचे साहित्य आहे. पण कोणत्या गावी, कोणत्या वर्षी, कोणाच्या व्यवहारात कोणते नाणे आले, ही माहिती संग्राहकाच्या स्मरणातच असते आणि त्याच्याबरोबर जाते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला आपल्या तालुक्यापुरते हे काम सहज करण्याजोगे आहे. त्याला नाण्यांची किंमत विचारावयाची नाही. ती कशी हाती आली, त्यांना घरात काय म्हणत, आणि त्यांवरील अक्षरे कोणी कधी वाचली होती काय, एवढेच विचारावयाचे आहे. ह्यांतील शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थी येईल. तरीही ते नोंदवावे. कारण शासनाने साठ वर्षे धातूवर लिहिलेला मजकूर किती पोचला, ह्याचा दुसरा पुरावा उपलब्ध नाही.